अभावाची नोंद

ट्रक जिथे थांबायला हवा होता तिथे थांबला नाही. सिग्नलचा दिवा तांबडा होऊन पुरेसा वेळ लोटला होता, आणि त्या तांबड्या दिव्यावर भरवसा ठेवून माणसे रस्त्यावर पाऊल टाकीत होती, कुणी फोनकडे बघत, कुणी पिशवी या हातातून त्या हातात घेत. ट्रक पांढरा पट्टा ओलांडून पुढे आला. वेग असा नव्हताच. सभेला उशिरा आलेला एखादा स्थूल गृहस्थ लोकांच्या पायांवरून वाट काढीत पुढच्या रांगेकडे सरकत राहतो तसा तो सरकत राहिला, आणि रस्ता ओलांडणाऱ्या तिच्यापासून हातभर अंतरावर एक लांब सुस्कारा टाकून उभा राहिला. इंजिनाची ऊब तिच्या गालाला लागली. मागून येणारी बाई काहीतरी पुटपुटून वळसा घालून निघून गेली, इतरही गेले. ती मात्र तिथेच उभी राहिली. वाहतूक कार्यालयात मालवाहू कंपन्यांच्या नोंदी तपासण्यात जिचे अर्धे आयुष्य सरले, तिला त्या सुस्काऱ्याचा अर्थ कळत होता. हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक नीट धरला की आवाज आखूड आणि ठाम येतो. हा आवाज लांबला होता, विरत गेला होता, जिना चढून दमलेल्या म्हाताऱ्यासारखा.

चालकाने खिडकीतून डोके बाहेर काढले. "घाबरू नका बाई, थांबते गाडी. फक्त जरा स्वतःच्या मर्जीने थांबते."

"पेडल किती वेळा मारावं लागतं?" तिने विचारले.

तो चकित झाला. असा प्रश्न रस्त्यात उभ्या असलेल्या बाईकडून येईल हे त्याच्या हिशेबात नव्हते. "सपाटीला दोनदा. उताराचं विचारू नका, सकाळची वेळ आहे."

"मालकाला सांगितलंत?"

"सांगितलं की. मालक म्हणाला, रंग बघ लेका कसा झळकतोय."

रंग खरोखरच झळकत होता. दाराचा पत्रा गडद निळा, त्यावर पिवळ्या अक्षरांत कंपनीचे नाव. आणि हे नाव तिला ठाऊक होते. ज्या कंपनीत तिचा धाकटा दीर नुकताच व्यवस्थापक म्हणून लागला होता, तीच ही. तिला क्षणभर, घरातले माणूस अनपेक्षित ठिकाणी भेटावे तसे वाटले, ओळखीचे हसू ओठांपर्यंत आलेही. तेवढ्यात कोवळे तिरपे ऊन पत्र्यावर सरकले आणि निळ्या रंगाखाली दुसरी अक्षरे उठून आली. रंग जुना झाला की खरवडून काढावा लागतो. घाई असली की वरूनच नवा हात मारतात, आणि मग जुन्या अक्षरांच्या कडा नव्या रंगाला आतून ढकलीत राहतात. ती अक्षरे वाचायला तिला डोळे बारीक करावे लागले नाहीत. पहिले दिसले आणि उरलेली तिची तिनेच पुरी केली. दिवा हिरवा झाला. मागच्या गाड्यांनी कर्णे वाजवले, चालकाने हात हलवला, आणि ते निळे दार, आपल्या पोटात दुसरे नाव घेऊन, तिच्या डोळ्यांसमोरून हळूहळू निघून गेले.

कार्यालयापर्यंतचा रस्ता ती कशी चालली हे तिला नंतर आठवेना. पायांना रस्ता पाठ होता, त्यांनी तिला नेले. मन मात्र मागे, शहराबाहेरच्या त्या उतारावर जाऊन उभे राहिले, जिथे काही वर्षांपूर्वी तिला तपासणीसाठी पाठवले होते. बसथांब्यावर माणसे उभी होती आणि वरून त्याच नावाचा ट्रक आला होता. ती पोचली तेव्हा माणसांना हलवलेले होते; राहिले होते ते त्यांच्या असण्याचे आकार. थांब्याचे बाकडे उडून रस्त्याच्या पलीकडे गेले होते, आणि आश्चर्य असे की ते सरळ उभे होते, कुणीही येऊन बसावे असे, झाडाच्या सावलीत. या बाकड्याचे तिला पुढे कितीतरी दिवस भय वाटत असे. तुटके लाकूड, फुटकी काच यांच्याकडे माणसाला पाहता येते, कारण ती घडल्या गोष्टीची कबुली देतात. बाकडे कबुली देत नव्हते. तिने आपल्या सवयीप्रमाणे पहिल्यांदा चाकापाशी बसून तळहात ब्रेकच्या ड्रमजवळ नेला होता. कागद नंतर, हात आधी, ही तिच्या कामाची रीत होती आणि तिचे सहकारी त्यावरून तिला वैद्यबुवा म्हणत. लोखंड तेव्हाही गरम होते. ब्रेकच्या जळालेल्या अस्तराचा कडवट वास तिच्या तळहाताला घरी जाईपर्यंत येत राहिला. हात धुतले तरी आला. तिच्याच अहवालावरून त्या कंपनीची नोंदणी रद्द झाली. मालकाने दंड भरला, फाटकाला कुलूप लागले, आणि तिने मनाशी म्हटले होते की संपले. संपणे ही किती सोयीची कल्पना आहे, असे आता तिला वाटले. नाव संपते. लोखंड कुठे जाते?

टेबलावर पोचून तिने संगणक सुरू केला, तर दिवसाचा पहिलाच अर्ज त्या निळ्या कंपनीचा. रसायनांच्या वाहतुकीचे मोठे कंत्राट मिळण्यासाठी सुरक्षिततेचे प्रमाणपत्र हवे होते आणि त्याची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी कार्यालय बंद होताना संपत होती. अर्ज नेटका होता. नोंदणी चालू, विमा चालू, चालकांचे परवाने वैध. अपघात: नोंद नाही. ब्रेक व चाकांतील दोष: नोंद नाही. चालकाकडून मर्यादेबाहेर काम: नोंद नाही. आणि या सर्व नकारांच्या तळाशी, यंत्राने आपण होऊन काढलेला निष्कर्ष हिरव्या अक्षरांत: निर्दोष. तिने फक्त त्यावर बोट ठेवायचे, आपला परवलीचा शब्द घालायचा, की प्रमाणपत्र तिच्या नावाने बाहेर पडणार. त्या शब्दाच्या खाली एक ओळ असे, जी इतक्या वर्षांत डोळ्यांना दिसेनाशी झाली होती: वरील बाबी मी पडताळून पाहिल्या आहेत.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळे नारद म्हणत, कारण या मजल्यावरची बातमी त्या मजल्यावर नेल्याशिवाय त्याचा चहा गोड होत नसे. त्याने मान लांब करून पडद्याकडे पाहिले. "अरे वा, घरचंच कार्य की. टिचकी मारा आणि मोकळ्या व्हा."

"ही कंपनी कधी सुरू झाली?"

"यंदाच झाली असेल. तान्हं बाळ आहे हो. त्याला कसले दोष?"

"गाड्या कुणाच्या होत्या आधी?"

"ते आपल्या पडद्यावर येत नाही, तुम्हाला माहीत आहे." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "बंद पडलेल्या मालकाच्या मेव्हण्याने विकत घेतल्यात म्हणे. रीतसर. पावत्या आहेत. जुन्या गाड्या घेणं हा काही गुन्हा नाही, नाहीतर मला आधी आत टाकावं लागेल, माझी स्कूटर बघा."

तो स्वतःच्याच विनोदावर हसला. तिला हसू आले नाही, आणि रागही आला नाही, कारण तो बोलला त्यात खोटे काही नव्हते. चूक कुठे होती ते तिला हळूहळू, अंधारात वस्तू दिसू लागाव्यात तसे दिसू लागले. या कार्यालयात नोंद चाले ती कंपनीच्या क्रमांकाची. क्रमांक मेला की त्याची पापे त्याच्याबरोबर कुलपात जात, आणि नवा क्रमांक जन्माला येई तो कोऱ्या पाटीने. ज्या कंपनीच्या गाड्या शंभर वेळा तपासून त्यांत काही वावगे सापडले नाही तिच्यापुढेही यंत्र निर्दोष लिही, आणि जिच्या गाड्यांना कुणी कधी हातही लावला नाही तिच्यापुढेही निर्दोषच लिही. पाहिले आणि सापडले नाही, आणि पाहिलेच नाही, या दोहोंना इथे एकच हिरवा रंग होता. आजवर हे कुणाच्या ध्यानात आले नाही असे नव्हे. ध्यानात येऊन ते ध्यानातून निसटत असे, कारण ते निसटू दिले की दिवस सरळ जाई.

तिचे वडील शाळेत जुने तर्कशास्त्र शिकवीत. ती लहान असताना ते तिला माळ्यावर पाठवीत. "जा, वर पितळेचा हंडा आहे का बघून ये." माळ्यावर अंधार असे, आणि अंधारात राहणारे जे काही असते तेही असे, ती अर्ध्या जिन्यावरून वर डोकावे, धावत खाली येई आणि धापा टाकीत सांगे, "नाही बाबा, हंडा नाही." वडील हातातले पुस्तक बाजूला ठेवीत. "दिवा नेला होतास?" "नाही." "मग नाही असं म्हणू नकोस. दिसला नाही, एवढंच म्हण." ती रडकुंडीला येई. आई आतून म्हणे, "पोरीला कशाला छळता? हंडा इथे चुलीपाशी आहे." वडील हसत, पण सोडीत नसत. अभाव जाणता येतो, ते सांगत. रिकाम्या जमिनीकडे पाहून इथे घडा नाही हे आपण खात्रीने म्हणू शकतो, पण कधी? तो असता तर दिसलाच असता, अशी स्थिती असेल तेव्हा. प्रकाश हवा, डोळे हवेत, वर चढून जाण्याचे कष्ट हवेत. ते वारले तेव्हा त्यांच्या खोलीत एवढीशी जागा आणि एवढा प्रकाश होता की त्यांचे नसणे कुणाही लहान मुलाला सिद्ध करता आले असते. हे आठवून ती खुर्चीत ताठ बसली. जिन्याच्या अर्ध्यावरून परत आलेल्या मुलीचा निरोप यंत्र तिच्यापुढे सादर करीत होते, आणि त्याखाली तिची सही मागत होते.

तिने हात पडद्यावरून काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

यानंतर जे झाले ते कार्यालयाच्या एका सुधारणेमुळे झाले. पूर्वी अवघड अर्ज ढिगाच्या तळाशी सरकवण्याची कला इथे फार बहरली होती. ती मोडून काढण्यासाठी नव्या व्यवस्थेत असा नियम घातला होता की एका टेबलावर समोरचा अर्ज निकालात निघाल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही. आणि निकाल दोनच होते, निर्दोष किंवा सदोष. मधे काही नव्हते. ती स्वस्थ बसली तसा मागच्या अर्जांचा प्रवाह तुंबू लागला. खिडकीपलीकडे माणसे घड्याळ बघू लागली. नारदाने दोनदा खाकरून पाहिले. थोड्या वेळाने आतल्या खोलीतून साहेब आले, तिच्याहून वयाने लहान, कामाने चोख, कुणाला तोडून न बोलणारे. आणि त्यामुळेच त्यांच्याशी भांडणे कठीण.

"मॅडम, नेट गेलंय का?"

"नाही साहेब. मी गेलेय असं समजा." मग तिने त्यांना सांगितले. सिग्नल, दार, रंगाखालची अक्षरे, चालकाचे बोलणे. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"पण यातलं नोंदीत काय आहे?" त्यांनी सौम्यपणे विचारले.

"काहीच नाही. तेच म्हणतेय. प्रत्यक्ष तपासणीचा हुकूम द्या. गाड्या उभ्या करून ब्रेक बघू. चांगले निघाले तर मी आनंदाने सही करीन."

"हुकूम द्यायला नोंदीत आधी एखादा दोष असावा लागतो."

"आणि दोष नोंदीत यायला तपासणी व्हावी लागते."

"हो," ते म्हणाले, आणि बोलल्यावर त्यांना स्वतःलाच त्यातली मौज दिसली असावी, कारण ते किंचित ओशाळले. "नियम मी केला नाही, मॅडम. तुम्हाला इतकी शंका आहे तर सदोष लिहा ना. कारण जोडा."

"कारण मी काय जोडू? अक्षरांची आठवण? मी ब्रेक पाहिलेला नाही. न पाहता सदोष लिहिणंसुद्धा खोटंच."

"म्हणजे हेही नाही, तेही नाही. मग करणार काय?"

"बसणार," ती म्हणाली.

इतकी वर्षे ती याच खुर्चीत बसत आली होती, पण बसणे ही कृती आहे हे तिला आज कळत होते. साहेबांनी कपाळ चोळले आणि तिला विचार करायला वेळ देण्याच्या मिषाने स्वतः विचार करायला आत निघून गेले.

दुपारी दीर आला. तो येणार हे तिला ठाऊक होते, कारण आधी नवऱ्याचा फोन येऊन गेला होता. "अगं, एक सही तर आहे," नवरा म्हणाला होता, आणि मग त्याने फोन तसाच धरून ठेवला होता, जणू उरलेले तिने आपण होऊन ऐकावे. उरलेले तिला पाठ होते. कारखाना बंद झाल्यापासून दीर घरी होता. रिकामा पुरुष घरात कसा वावरतो हे तिने जवळून पाहिले होते: न बिघडलेल्या वस्तू तो दुरुस्त करी, कुणी न सांगता पाणी भरी, वर्तमानपत्र जाहिरातींपर्यंत वाचून पुन्हा घड्या घालून नवे असल्यासारखे ठेवी. लहान मुलांवर ओरडताना मधेच थांबे, ओरडण्याचा हक्क आपल्याला उरला आहे की नाही याची खात्री नसल्यासारखा. तिच्या जावेने या काळात एकदाही तक्रार केली नाही. फक्त ती फार मोठ्याने भांडी घासू लागली होती. आणि मग ही नोकरी. पहिल्या दिवशी त्याने छापून आणलेली कार्डे घरात सगळ्यांना वाटली होती, आईलासुद्धा, जिला वाचता येत नसे. त्या रात्री घरातली सगळी दारे हलकी झाल्यासारखी वाटली होती. ते सगळे आज तिच्या बोटाच्या टोकाशी येऊन थांबले होते.

तो इस्त्रीच्या शर्टात आला आणि समोरच्या खुर्चीवर, अर्जदारांच्या खुर्चीवर, अवघडून बसला. "वहिनी, कार्यालयात येऊन तुम्हाला त्रास द्यायची इच्छा नव्हती."

"भाऊजी, गाडीत बसून पाहिलंत कधी?"

"माझं काम कार्यालयातलं आहे."

"गाडीखाली वाकून?"

"वहिनी, तुम्ही काय बोलता? गाड्या वापरलेल्या आहेत, हे मी नाकारत नाही. पण मालकाने सगळं करून घ्यायचं कबूल केलंय. कंत्राट मिळालं की ब्रेक, टायर, सगळं. आधी कंत्राट तर मिळू दे."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

शर्टाच्या बाहीचे बटण त्याने उघडले आणि पुन्हा लावले. हीच सवय तिच्या नवऱ्यालाही होती. दोघे भाऊ लहानपणी एकाच शर्टासाठी भांडत असत असे सासूबाई सांगत. तिला त्याच्याविषयी एकदम इतके ममत्व वाटले की त्या भरात सही होऊन जाईल अशी भीती तिला वाटली, आणि त्या भीतीनेच तिने पुढचा प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर तिला सकाळपासून नको होते.

"भाऊजी, मुलाखतीत तुम्हाला काय काय विचारलं होतं?"

"का?"

"सांगा तर."

त्याने खिडकीबाहेर पाहिले. तिथे पाहण्यासारखी समोरच्या इमारतीची भिंत होती. "फारसं काही नाही. मागचं काम सांगितलं. मग मालकाने विचारलं, घरी कोण कोण असतं."

नारदाचा कळफलक थांबला. दूर कुठे तरी लिफ्टचे दार उघडले आणि बंद झाले. ती दिराकडे पाहत राहिली, आणि त्याने मान वळवली नाही तरी त्याच्या कानांच्या पाळ्या तांबूस होत गेल्या, यावरून तिला कळले की हा प्रश्न त्यालाही तेव्हाच कळला होता. कळूनही त्याने कार्डे छापून घेतली. आपली किंमत आपल्या वहिनीच्या एका टिचकीएवढी ठरली आहे हे पोटात घालून तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट चढवून निघत होता. तिला आतापर्यंत वाटत होते की आपण त्याच्या विरुद्ध बसलो आहोत. ते खोटे होते. त्या मालकाने, जो कोण होता तो, एका बेकार माणसाचे मन आणि एका बाईचे बोट यांची एकत्र खरेदी केली होती आणि पावती कुणालाच दिली नव्हती. आता तिला राग आला. हा राग नवा नव्हता. त्या उतारावर, झाडाच्या सावलीत तो तिला आला होता, पण तेव्हा अहवाल लिहून तिने तो निकालात काढला होता. आज तो निकालात निघणार नव्हता. त्याला तिने आपल्या शेजारी बसू दिले.

"तुम्ही हुशार आहात भाऊजी," ती म्हणाली. "कारखान्यात तुमच्या हाताखाली चाळीस माणसं होती. त्यांना तुमच्या वहिनीची गरज लागली नव्हती."

"आता ते बोलून काय होणार? आजची तारीख गेली तर मला उद्या यायचं नाही, असं स्पष्ट सांगितलंय."

"मग जाऊ नका."

"तुम्हाला सोपं आहे," तो म्हणाला. आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते. "तुमची खुर्ची पक्की आहे."

तो गेल्यावर तिने आपल्या खुर्चीकडे पाहिले. बसण्याची गादी एका बाजूने दबलेली, हाताच्या टेकणावर पट्टी चिकटवलेली. ती पक्की असणे म्हणजे काय, याचा विचार तिने केला नव्हता. ज्याची खुर्ची पक्की नाही त्याने उभे राहावे अशी अपेक्षा करता येत नाही. ज्याची पक्की आहे त्याने तरी कशासाठी ती मिळवलेली असते? निवृत्त होईपर्यंत पाठ टेकायला? वडिलांनी तिला अंधारात वर पाठवले ते हंडा आणायला नव्हेच, हे इतक्या उशिरा का होईना, तिच्या ध्यानात येत होते, आणि त्याबरोबर एक खट्याळ धीटपणा तिच्या अंगात भिनत होता. तिने चहा मागवला. नारदालाही दिला. तुंबलेल्या रांगेकडे खिडकीतून पाहून तिने लोकांना सांगितले की त्यांचे अर्ज आज होणार नाहीत, कारण एका अर्जातले ब्रेक कुणी पाहिलेले नाहीत. काहीजण चिडले. एक बाई म्हणाली, "मग आमचा काय दोष?" "तुमचा काही नाही," ती म्हणाली. "माझ्यावर लिहा तक्रार, मी कागद देते." आणि तिने खरोखरच कागद दिले. रांगेतला एक म्हातारा टँकरचालक मात्र कागद न घेता बाकावर जाऊन बसला आणि म्हणाला, "बघा बघा, सावकाश बघा. आम्ही थांबतो."

कार्यालय बंद व्हायच्या वेळेला साहेब पुन्हा आले. त्यांच्या हातातला फोन वाजत होता आणि ते तो उचलत नव्हते. वरून कुणी बोलले असावे, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते. सकाळचा सौम्यपणा आता टापटीप घडी घालून कुठेतरी ठेवलेला होता.

"मॅडम, पुरे झालं. मला वरून विचारणा आहे. उद्या मी या टेबलावर दुसरं माणूस बसवीन."

"बसवा," ती म्हणाली. "मी त्याच्या मागे उभी राहीन, आणि तो टिचकी मारायच्या आधी त्याला विचारीन, ब्रेक पाहिलेस का."

"हा हट्ट आहे."

"आहे."

"तुमच्या एका शंकेपायी एका कंपनीचं कंत्राट जातंय. तुमच्याच घरातल्या माणसाची नोकरी जातेय. हे कळतंय ना तुम्हाला?"

"तुमच्यापेक्षा जास्त कळतंय साहेब. तो माणूस आज माझ्याच ताटाशेजारी जेवायला बसणार आहे."

ती उठली. इतका वेळ बसून गुडघे आखडले होते, तरी ती नीट उठली, आणि चाकांची ती जुनी खुर्ची तिने दोन्ही हातांनी वळवून त्यांच्यापुढे आणली. "तुमच्या नावानेही हे प्रमाणपत्र निघतं. तुमचा परवलीचा शब्द माझ्यापेक्षा मोठा आहे. बसा."

साहेबांनी पडद्याकडे पाहिले. हिरवा शब्द तिथे सकाळपासून तसाच तेवत होता, आणि त्याच्याखाली ती बारीक ओळ. त्यांनी ओळ वाचली. त्यांचे ओठ वाचताना अगदी थोडे हलले, हे तिने पाहिले. फोन वाजायचा थांबला आणि पुन्हा वाजू लागला. खोलीतले सगळेजण आपापल्या कामात इतके गढले होते की कुणाचेही काम चालू नव्हते. साहेबांचा हात खुर्चीच्या पाठीवर आला. तिथे तो राहिला. त्यांनी खुर्ची ओढली नाही, ढकललीही नाही. दोघे तिच्या दोन बाजूंना उभे होते आणि मधे ती रिकामी खुर्ची, तिच्या एका बाजूने दबलेल्या गादीसकट. आणि बंद होण्याची घंटा वाजली तेव्हाही दोघे तसेच उभे होते.

"उद्या तपासणीचं बघू," साहेब अखेर म्हणाले, तिच्याकडे न बघता. "नियमात बसवायला काहीतरी शोधावं लागेल." आणि मग, दाराशी थांबून, स्वतःशी बोलल्यासारखे: "मला दोन मुलं आहेत हो. शाळेची बस त्या सिग्नलवरूनच जाते." असे ते का म्हणाले हे त्यांनाही कळले नसावे. त्यांनी फोन खिशात टाकला आणि ते गेले.

घरी पोचायला तिला नेहमीएवढाच वेळ लागला. दार जावेने उघडले आणि ती लगेच आत वळली, यावरून बातमी पोचली होती हे कळले. जेवायच्या टेबलावर सगळे होते. नवरा ताटाकडे पाहत जेवत होता. सासूबाई कुणाकडे पाहावे हे न कळून सगळ्यांकडे आळीपाळीने पाहत होत्या. दीर जेवत नव्हता. त्याचा इस्त्रीचा शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता. ती हात धुऊन आली आणि आपल्या जागेवर बसली. कुणी तिला वाढले नाही. तिने स्वतः वाढून घेतले. चमच्याचा ताटाला झालेला आवाज त्या खोलीत फार मोठा वाटला, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

"आम्ही महिनाअखेर वेगळं बिऱ्हाड करतो," दीर म्हणाला.

नवऱ्याने मान वर केली. "अरे, असं काय लगेच—"

"करू दे," ती म्हणाली. मग दिराकडे वळून, त्याच नेहमीच्या, घरातल्या आवाजात: "करा भाऊजी. सामान बांधायला मी आहे. सामानाचा ट्रक मात्र मी ठरवीन."

कुणी हसले नाही. दिराचा चेहरा ताठ राहिला. तो उठला, शर्ट उचलला आणि आत गेला. पण ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या जावेच्या खांद्यांतून काहीतरी गेले, हुंदका की दुसरे काही, ते सांगता येण्याजोगे नव्हते; आणि ती ओट्यावरून वळली नाही, तरी तिने हात मागे करून पाण्याचा तांब्या टेबलावर, थोरल्या जावेच्या हाताला येईल इतक्या जवळ सरकवला. उद्या हे घर कसे असेल, खुर्ची असेल की नसेल, त्या गाड्या खरोखर कुणी तपासील की नाही, यांतले काहीच ठरलेले नव्हते. नवरा आज रात्री बोलणार नव्हता. दीर कदाचित फार दिवस बोलणार नव्हता. हे सगळे तिला स्वच्छ दिसत होते, आणि या सगळ्याच्या मधोमध तिला सडकून भूक लागली होती, तरुणपणी दिवसभर चालून आल्यावर लागे तशी. ती पाणी प्याली. मग तिने ताट पुढे ओढले, आणि सगळ्यांच्या देखत, सावकाश, दुसऱ्यांदा वाढून घेतले.